धूर कुणाचा, बंदी कुणावर?

२०२५ च्या जानेवारीत मी एक निवेदन घेऊन आमच्या वस्तीतल्या बचत गटाच्या बैठकीला गेले होते. मुंबईच्या बिघडलेल्या हवेबद्दल उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून याचिका दाखल करून घेतली होती. तिच्या सुनावणीत ९ जानेवारी २०२५ रोजी न्यायालयाने सरकारला सांगितले, की मुंबई महानगर प्रदेशातून डिझेल आणि पेट्रोलवरची वाहने टप्प्याटप्प्याने काढून फक्त सीएनजी व विजेवरची वाहने ठेवणे शक्य आहे का, हे तपासण्यासाठी समिती नेमा. त्याच महिन्यात सात जणांची समिती नेमली गेली. आमच्या काही मित्रसंघटनांनी ठरवले, की निदान डिझेलबंदीला तरी वस्त्यांतून पाठिंबा उभा करायचा आणि बायकांच्या सह्या गोळा करायच्या. मला त्यात वावगे काही वाटले नाही. बायका-मुलांच्या आरोग्याचा प्रश्न आहे, त्यावर दोन मते कशी असतील, अशाच समजुतीत मी होते.

आमची वस्ती पूर्व उपनगरात, मोठ्या रस्त्याला लागून आहे. बैठकीला वीसेक जणी होत्या. निवेदन वाचून होताच पहिली सही केली ती रस्त्याकडच्या पहिल्या ओळीत राहणाऱ्या एका आईने. तिचा सहा वर्षांचा मुलगा दम्याने आजारी असतो. थंडी सुरू झाली की दर पंधरा-वीस दिवसांनी रात्री त्याला घेऊन दवाखान्यात धावावे लागते. ती चार घरी धुण्याभांड्याची कामे करते. त्या हिवाळ्यात फार खाडे झाले म्हणून दोन घरची कामे सुटली होती.

तिच्या शेजारी बसलेल्या बाईने मात्र कागद हातात धरून ठेवला. तिच्या नवऱ्याचा डिझेलवरचा 'छोटा हत्ती' आहे, तोही दुसऱ्याकडून जुना घेतलेला. पहाटे तुर्भ्याच्या बाजारातून भाजी आणायची आणि दिवसा मिळेल ते भाडे मारायचे. त्या टेंपोचे अर्धे कर्ज आमच्याच गटातून घेतलेले, अर्धे एका वित्तसंस्थेकडून, आणि दोन्हीकडे कर्जदार म्हणून तिचेच नाव. ती म्हणाली, "ताई, सही करते मी. पण गाडी बंद झाली तर हप्ता कोण भरणार, ते ह्या कागदावर कुठं लिहिलंय?"

कुणी काही बोलेना. मग दम्याच्या मुलाची आईच हळू आवाजात म्हणाली, "माझ्या पोराला रात्री दोन वाजता दवाखान्यात नेलं ना, ते हिच्याच टेंपोतून."

मी कागद पिशवीत परत घातला. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला शिकवले होते, की प्रश्न वस्तीकडून समजून घ्या, उत्तर ठरवून वस्तीत जाऊ नका. इतकी वर्षे काम केल्यावर मी नेमके तेच केले होते. त्या बैठकीनंतर मी जे वाचले, विचारले आणि मनाशी घोळवले, ते या संपादकीयातून तुमच्यापुढे ठेवते आहे. हवेच्या प्रदूषणावर डिझेलच्या गाड्यांची बंदी हा न्याय्य उपाय आहे का, हा प्रश्न स्त्री चळवळीचा आहे. तो पर्यावरणवाल्यांचा म्हणून आपण बाजूला ठेवू शकत नाही, असे मला आता वाटते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. डिझेलचा धूर हे विष आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये या धुराचा समावेश माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात केला. तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस याच गटात आहेत. डिझेलच्या धुरातले काजळीचे कण इतके बारीक असतात, की ते नाकाघशात अडकत नाहीत, फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि त्यातले काही रक्तातही शिरतात. अशी हवा घेणाऱ्या गरोदर बायकांमध्ये कमी वजनाची मुले आणि अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे यांचे प्रमाण वाढते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसले आहे. या बारीक कणांसाठी आपल्या देशाने २००९ मध्ये ठरवलेली मर्यादा वर्षाच्या सरासरीने दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा ५ आहे. म्हणजे सरकारी हिशेबाने हवा 'समाधानकारक' ठरली, तरी ती आरोग्याच्या हिशेबाने आठपट वाईट असू शकते.

हा धूर कोण घेते? जी रस्त्यावर जास्त वेळ असते ती. २०११ च्या जनगणनेत लोक कामावर कसे जातात याची माहिती घेतली गेली. बायका पुरुषांपेक्षा अधिक प्रमाणात पायी आणि बसने जातात, दुचाकी आणि मोटारी बहुतांश पुरुषांच्या हाती आहेत, हे त्यातून दिसले. बसथांब्यावर उभी असलेली, पदपथावर भाजी-मासळी घेऊन बसलेली, पहाटे रस्ता झाडणारी, शाळेच्या फाटकाशी मुलाची वाट पाहणारी बाई हा धूर सर्वांत जवळून घेते. शिवाय घरातले कुणी आजारी पडले की दवाखान्याच्या रांगेत तीच बसते आणि तिचाच रोज बुडतो. त्यामुळे 'गरिबांच्या पोटाचा प्रश्न आहे, डिझेलला हात लावू नका' असे जे म्हणतात, त्यांच्याशी मी सहमत होऊ शकत नाही. गरिबांना पोट असते तशी फुप्फुसेही असतात.

मग गाडे अडते कुठे? अडते ते असे, की डिझेल एवढे पसरले कसे हे न पाहता त्याची शिक्षा वाटली जाते.

आपल्या देशात कित्येक वर्षे सरकारने डिझेल पेट्रोलपेक्षा मुद्दाम स्वस्त ठेवले. कारण सांगितले गेले ते शेतकऱ्याचा पंप, मालवाहतूक आणि एसटी यांचे. पण स्वस्त डिझेलचा फायदा घेऊन मोटार कंपन्यांनी मोठमोठ्या डिझेल मोटारी बाजारात आणल्या आणि ज्यांना पेट्रोल परवडत होते त्यांनीच त्या घेतल्या. कष्टकऱ्यांच्या नावाने दिलेली सवलत अशी दोन टनांच्या गाडीच्या टाकीत गेली. त्यातही २०१३ च्या जानेवारीत तर कमाल झाली. डिझेल घाऊक घेणाऱ्यांना त्याचा पूर्ण बाजारभाव लावला गेला आणि या घाऊक ग्राहकांत रेल्वे आणि राज्याराज्यांची एसटी महामंडळे होती! पंपावर येणाऱ्या खाजगी मोटारीला सवलतीचे डिझेल आणि खेड्यातल्या बाईला बाजारहाटाला, दवाखान्यात नेणाऱ्या एसटीला महाग डिझेल, असा हा न्याय होता. डिझेलचा भाव सरकारने पूर्ण खुला केला तो ऑक्टोबर २०१४ मध्ये. तोवर त्या मोटारी रस्त्यावर येऊन गेल्या होत्या.

धूर कुणी वाढवला याचे उत्तर असे गुंतागुंतीचे आहे. बंदी मात्र सरळसोट असते. ती गाडीचे वय आणि इंधन बघते. मालक कोण, गाडी कशासाठी, दिवसाला किती चालते, हे ती बघत नाही. जुनी गाडी कुणाकडे असते? ज्याला नवी परवडत नाही त्याच्याकडे. श्रीमंताच्या घरातून पाच वर्षांनी निघालेली गाडी दोन-तीन हात बदलत गरिबाच्या दारात येते आणि तिच्याबरोबर बंदीही येते.

या बाबतीत दिल्लीचा अनुभव आपल्या सर्वांच्या आधीचा आहे, म्हणून तो नीट पाहायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ च्या जुलैत आदेश दिला, की दिल्लीतल्या सर्व बस मार्च २००१ पर्यंत सीएनजीवर आणाव्यात. सरकारने दोन-अडीच वर्षे टाळाटाळ केली. मुदत संपली तेव्हा बस अपुऱ्या होत्या आणि गॅसचे पंपही अपुरे होते. सामान्य प्रवाशांचे अतोनात हाल झाले. तरीही २००२ च्या अखेरीस शहरातल्या डिझेल बस हटल्या आणि काही काळ हवा सुधारलीही. म्हणजे बंदी निरुपयोगी नसते. पण पुढच्या काही वर्षांत खाजगी मोटारींची, त्यातही डिझेल मोटारींची संख्या इतकी वाढली, की बसप्रवाशांनी सोसून मिळवलेले मोटारवाल्यांनी घालवले.

डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २००० सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या नव्या डिझेल मोटारींची नोंदणी थांबवली. ही बंदी थेट श्रीमंतांच्या गाड्यांवर होती. ती किती टिकली? आठ महिने. ऑगस्ट २०१६ मध्ये गाडीच्या किमतीच्या एक टक्का रक्कम पर्यावरणासाठी भरण्याच्या अटीवर ती उठली. आता दुसरी बंदी पाहा. दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये मनाई केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तिथे एक टक्का भरून सुटण्याची सोय नव्हती. पुढे १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचे नाही असे ठरले. पंपावर मध्यमवर्गीयांच्या मोटारी अडू लागल्या, तेव्हा दोन-तीन दिवसांत ती मोहीम थांबली. ऑगस्टमध्ये, केवळ वयावरून मालकांवर सक्तीची कारवाई नको, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, आणि डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-४ व त्यापुढच्या गाड्यांपुरते मर्यादित केले. जुनी मोटार जपून वापरणाऱ्या पेन्शनरावर राग धरावा असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण कुणाची ओरड किती दिवसांत ऐकू जाते, याची नोंद आपण ठेवायला हवी.

कारण ज्यांची ओरड ऐकू गेली नाही असेही त्याच शहरात होते. जुलै १९९६ मध्ये दिल्लीतले १६८ कारखाने चार-पाच महिन्यांत बंद करण्याचा किंवा हलवण्याचा आदेश निघाला. कामगारांना भरपाई देण्याचे त्यात म्हटले होते. पण ज्यांची नावे हजेरीपटावरच नव्हती, त्या रोजंदारी आणि कंत्राटी कामगारांनी ती मागायची कुणाकडे? २०२४ च्या नोव्हेंबरात प्रदूषणामुळे दिल्लीतली बांधकामे थांबवली गेली, तेव्हा मजुरांना कल्याण उपकराच्या निधीतून निर्वाहाची रक्कम द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले. ही चांगलीच गोष्ट झाली. त्यानुसार नोंदणी झालेल्या सुमारे ९० हजार कामगारांना प्रत्येकी ८ हजार रुपये द्यायचे ठरले. आता बांधकामावरची बाई डोळ्यांसमोर आणा. ती नवऱ्याबरोबर जोडीने काम करते, पाट्या वाहते, पण मुकादमाच्या वहीत पुष्कळदा नाव नवऱ्याचेच असते. कल्याण मंडळाकडे तिची स्वतंत्र नोंदणी क्वचितच असते. हवा तिने श्वासात घेतली, काम तिचे थांबले, आणि यादीत मात्र ती नाही.

आमच्या वस्तीतल्या टेंपोवालीचे दुखणे हेच आहे. गाडीचे आरसी बुक नवऱ्याच्या नावावर आणि कर्ज तिच्या नावावर. उद्या जुनी गाडी मोडीत काढण्याबद्दल काही सवलत मिळाली, तर ती आरसी बुकावरच्या नावाला मिळेल. वित्तसंस्थेचा माणूस वसुलीला येईल तो तिच्या दारात. २०२१ च्या मोडीत काढण्याच्या धोरणात मुख्य सवलत आहे ती नवी गाडी घेताना करात. नवी गाडी घेण्याची ऐपत असेल त्यालाच तिचा उपयोग. आणि टेंपोच्या आधारावर जगणारी ती एकटी नाही. त्याच टेंपोतून चार भाजीवाल्यांचा माल येतो. हमाली करणारा एक मुलगा त्यावर पोसला जातो. या साऱ्यांची नावे कुठल्याच कागदावर नाहीत.

आणखी एका धुराबद्दल बोलल्याशिवाय हे लिखाण पुरे होणार नाही. 'लॅन्सेट' समूहाच्या नियतकालिकात २०२० च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात भारतात हवेच्या प्रदूषणामुळे सुमारे १६ लाख ७० हजार मृत्यू झाले. त्यांपैकी ६ लाखांहून अधिक मृत्यू घरातल्या, म्हणजे मुख्यतः चुलीच्या धुरामुळे होते. चूल कोण फुंकते हे मी सांगायला नको. आपल्या आजीने, आईने हा धूर जन्मभर घेतला. बाईच्या डोळ्यांतले पाणी हा स्वयंपाकाचाच एक भाग मानला गेला. तो धूर रस्त्यावर येऊन इमारतींच्या खिडक्यांपर्यंत पोचला, तेव्हा मात्र तो 'प्रदूषण' झाला.

चुलीवर कुणी बंदी घातली नाही हे बरेच झाले, कारण बंदीने चूल विझली नसती, फक्त भाकरी बंद झाली असती. त्याऐवजी २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, जोडणी बाईच्या नावाने मिळाली. ते पाऊल योग्यच होते. पण सिलिंडर भरून आणायचे पैसे कुठून आणायचे हा प्रश्न राहिला. २०२२ मध्ये सिलिंडर हजाराच्या वर गेला आणि पुष्कळ घरांत शेगडी कोपऱ्यात जाऊन चूल पुन्हा पेटली. पुढे उज्ज्वलाच्या सिलिंडरमागे आधी २०० आणि मग ३०० रुपयांची सूट द्यावी लागली. यातला धडा रस्त्यावरच्या धुरालाही लागू आहे. स्वच्छ इंधन दाखवून भागत नाही. ते रोजच्या रोज परवडावे लागते. डिझेलचा टेंपो बंद करून विजेचा घ्या म्हणणे सोपे आहे. पण त्याचा हप्ता किती, वस्तीत तो चार्ज कुठे करायचा, जिथे घराला वीजजोडणी मिळवताना नाकी नऊ येतात तिथे हे कसे व्हायचे, ही उत्तरे आधी हवीत.

मुंबईपुरते सांगायचे तर चांगले उदाहरण घरातच आहे. १९९९ मध्ये धुराने त्रासलेल्या रहिवाशांनी उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि पुढच्या काही वर्षांत शहरातल्या टॅक्सी-रिक्षा सीएनजीवर गेल्या. जुन्या टॅक्सीत गॅसचे किट बसले आणि ती चालू राहिली. इंधन स्वस्त पडल्यामुळे चालकालाही ते परवडले. धूर कमी करायचा आणि रोजी टिकवायची, ही दोन्ही कामे एकत्र होऊ शकतात, हे या शहराने पाहिले आहे.

पण २०२५ च्या समितीतली नावे पाहिली तेव्हा मी खट्टू झाले. अध्यक्ष निवृत्त सनदी अधिकारी. मग परिवहन खाते, वाहतूक पोलीस, गॅस कंपनी, वीज कंपनी यांचे अधिकारी आणि मोटार उत्पादकांच्या संघटनेचे अध्यक्ष. ज्यांनी गाड्या विकल्या त्यांना खुर्ची होती. ज्या बसने जातात, ज्या टेंपोवर जगतात, ज्या रस्त्याकडेला मुले वाढवतात, त्यांना नव्हती. सार्वजनिक आरोग्य खातेही त्या यादीत नव्हते.

याच काळात शहराने काय केले? किनाऱ्यावरचा कोस्टल रोड तेरा-चौदा हजार कोटी खर्चून २०२४ मध्ये खुला होऊ लागला. त्यावर दुचाकीला आणि रिक्षाला मज्जाव आहे. दुसरीकडे बेस्टचा ताफा गेल्या दीड दशकात घटत गेला, आणि ९ मे २०२५ पासून बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. मोटारीसाठी रस्ता बांधायचा, बस महाग करायची, आणि मग प्रदूषण झाले म्हणून जुन्या टेंपोला पकडायचे, याला हवा शुद्ध करणे म्हणता येणार नाही.

मग आपली भूमिका काय असावी? मी माझे मत मांडते, त्यावर चर्चा व्हावी. डिझेल जायला हवे, आणि लवकर जायला हवे. पण क्रम उलटा हवा आणि तरतूद आधी हवी.

पहिली गोष्ट, सुरुवात वरून व्हावी. सरकारी खात्यांच्या आणि पालिकेच्या गाड्या, बड्या कंत्राटदारांचे डंपर, इमारतींचे आणि मोबाइल टॉवरचे डिझेल जनित्र, मोठ्या खाजगी डिझेल मोटारी हे आधी. ज्यांना बदल परवडतो त्यांनी तो आधी करावा. मोठ्या गाड्यांवर जो कर बसेल, तो कष्टकऱ्यांच्या गाड्या बदलण्यासाठीच राखून ठेवावा.

दुसरी, जोवर पर्यायी बस रस्त्यावर येत नाही तोवर एकही बस कमी होऊ नये. हे एसटीला तर जास्तच लागू आहे. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात बायकांना एसटीचे अर्धे तिकीट झाले आणि ज्या कधी तालुक्याला एकट्या गेल्या नव्हत्या त्या जाऊ लागल्या. एसटीच्या बहुतेक गाड्या आजही डिझेलवर आहेत. पन्नास बायका घेऊन जाणारी डिझेलची एसटी आणि एका माणसाला नेणारी डिझेलची मोटार यांना एकाच मापाने मोजणे म्हणजे समानता नव्हे.

तिसरी, पोटासाठी चालणाऱ्या लहान गाडीला करसवलत पुरत नाही, रोख अनुदान आणि कमी व्याजाचे कर्ज हवे. नवी गाडी घेताना पत्नीचे नाव सहमालक म्हणून लागावे. जिथे कर्ज तिच्या नावाने आहे तिथे भरपाई थेट तिच्या खात्यात जावी.

चौथी, भरपाईची यादी आरसी बुकावरून करू नये. चालक, क्लीनर, हमाल, भाजीवाल्या यांची नोंद वस्तीत येऊन घ्यावी, आणि बायकांची नोंद स्वतंत्र नावाने व्हावी.

पाचवी, हे सारे होईपर्यंत जी मुले धूर घेत आहेत त्यांचे काय, याची तजवीज आजच व्हावी. रस्त्यालगतच्या वस्त्यांत हवा मोजण्याची यंत्रे हवीत. पालिकेच्या दवाखान्यात दम्याचे औषध आणि पंप नियमित व मोफत मिळावा. पंपाची सवय लागते या भीतीने आया तो मुलांना देत नाहीत, ती भीती घालवण्याचे काम मात्र आपणच करायचे आहे.

दोन महिन्यांनी मी सुधारलेले निवेदन घेऊन त्याच बैठकीला गेले. या वेळी ते आम्ही तिथेच ओळीओळीने वाचले. 'कर्ज जिच्या नावे तिलाच भरपाई' हे वाक्य टेंपोवालीने दोनदा वाचून घेतले आणि सही केली. मला बरे वाटले. पण दम्याच्या मुलाच्या आईने विचारले, "ताई, आधी बस, मग अनुदान, मग यादी. हे सगळं व्हायला किती वर्षं लागतील? तोवर माझं पोर काय श्वास घ्यायचं थांबणार आहे का?"

तिच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. न्याय्य बदलाच्या नावाने बदलच पुढे ढकलला गेला, तर त्याची किंमत तिचे मूल देईल, हे ती मला सांगत होती आणि ते खरे आहे. 'गरिबांचे काय' हा प्रश्न मोटार कंपन्याही विचारतात, वेळ काढण्यासाठी. आपला प्रश्न त्यांच्या सोयीचा होऊ नये म्हणून आम्ही तिच्या सांगण्यावरून प्रत्येक मागणीपुढे मुदत घातली. अमुक महिन्यांत औषध, अमुक महिन्यांत यंत्रे, एका वर्षात सरकारी गाड्या. मुदत पाळली नाही तर जाब विचारायला आम्ही जाणार, हेही लिहिले. मग तिने सही केली.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात, शहरात हा प्रश्न कदाचित डिझेलचा नसेल. वीटभट्टीचा असेल, साखर कारखान्याच्या काजळीचा असेल, कचऱ्याच्या आगीचा किंवा बेकरीच्या लाकडी भट्टीचा असेल. कुठलीही बंदी आली की आपल्या गटात तीन प्रश्न जरूर विचारा. धूर कोण करते? तो कोण घेते? आणि तो थांबवण्याची किंमत कोण देते? या तीन प्रश्नांची उत्तरे तीन वेगवेगळ्या घरांत सापडली, तर तिथे आपले काम आहे असे समजा. तुमच्या बैठकांत काय बोलणे झाले ते आम्हाला लिहून पाठवा. मतभेद असतील तर तेही मोकळेपणाने लिहा. पुढच्या अंकात आम्ही ते छापू.